आईची नक्कल

मी कानबाईचं गाणं म्हणत होते आणि सभागृह हसत होतं.

पहिल्या ओळीला मागून शिट्टी आली. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतले प्राध्यापकही तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. गाणं हसायचं नव्हतं. श्रावणातला रोटांचा सण झाला की कानबाई देवीला गिरणा नदीवर पोहोचवायला जातात, तेव्हाचं ते. आई म्हणायची तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

जळगावचं आमचं कॉलेज. तिथेच शिकले, आता तिथेच शिकवते. त्या दिवशी मातृभाषेच्या कार्यक्रमात माझ्याआधी आयर्लंडहून आलेल्या एक बाई गायल्या. पांढरे केस, ना पेटी ना तबला. गाणं आयरिश भाषेतलं आहे, असं त्यांनी आधी इंग्रजीत सांगितलं. त्यांच्या आजीला ही भाषा बोलली म्हणून शाळेत मार बसायचा. आता त्या स्वतः पोरांना तीच शिकवतात. मग त्या गायल्या. एका शब्दाचा अर्थ कुणाला कळला नाही, तरी सगळे श्वास रोखून बसले होते. नंतर उभं राहून टाळ्या. मायबोली जपावी ती अशी, असं आमचे प्राचार्य सर माइकवर म्हणाले. मला वाटलं, आज आपलंही ऐकतील. वेडीच मी.

त्यांच्या आजीची भाषा ऐकून डोळे पाणावले. माझ्या आईची भाषा, अहिराणी, त्या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या आईचीही आहे. ती कानावर पडली आणि हसू फुटलं.

पण खरं सांगते, हे हसू त्यांना मीच लावलं होतं.

भडगावकडच्या खेड्यातून मी आले तेव्हा अठरा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात वर्गात बोलून गेले, "माले समजनं नही, सर." वर्ग खिदळला. हेच सर तेव्हा आम्हाला शिकवायचे. ते शांतपणे म्हणाले, "ही बोली वर्गात नको. गॅदरिंगला ठेव."

ठेवली. डोक्यावर पदर, कापूस वेचून वाकलेली कंबर, एसटीत कंडक्टरशी हुज्जत. माझी 'म्हातारी' कॉलेजभर गाजली. तीन वर्षं पहिलं बक्षीस. ती म्हातारी म्हणजे माझी आई होती. चालणं तिचं, हातवारे तिचे, शब्द न् शब्द तिचा.

तिसऱ्या वर्षी हौसेनं आईला बघायला आणलं. ती शेवटच्या रांगेत बसली. परतीची एसटी भडगावला आली. उतरताना तिनं एवढंच विचारलं,

"लोके माले हासनात, का तुले?"

त्या दिवसापासून ती माझ्याशी अहिराणीत बोलली नाही. गावात सगळ्यांशी बोलायची, दारातल्या बकरीशीसुद्धा. मी आले की मात्र, "तू जेवण केले का?" पुस्तकातलं वाचल्यासारखं, अडखळत. मरेपर्यंत तसंच. मी माझ्याच घरात पाहुणी झाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

तर त्या दिवशी दुसऱ्या कडव्यानंतर मी थांबले. सर हसतच जवळ आले. "अगं, गाणं राहू दे. तुझी ती म्हातारी कर. पाहुण्यांना मजा येईल."

मी माइक सोडला नाही.

"ती म्हातारी मन्ही माय व्हती. आते मी तिनी नक्कल करनार नही."

लोक पुन्हा हसले. हेही त्यांना नाटकातलंच वाटलं. फक्त आयर्लंडच्या बाई हसल्या नाहीत, आणि त्यांना तर काहीच कळलं नव्हतं. मी स्टेजवरून उतरले. कुणी अडवलं नाही, मागे कुणी आलं नाही.

घरी येऊन गाणं लिहायला बसले. तिसरं कडवं आठवेना. विचारायला माणूस नाही. जी होती, तिला मीच गप्प केलं.

आता माझ्या वर्गात कुणी "माले समजनं नही" म्हणालं, तर त्याच बोलीत समजावते. बाकीची पोरं हसली तर शिकवणं थांबवते. वर्गात बोली नको, असं सरांनी दोनदा बोलावून सांगितलं, दोनदा ऐकून आले.

पुढच्या गॅदरिंगला माझं नाव दिलंय. सरांनी खोडलं तर पुन्हा लिहीन. दोनच कडवी आहेत, तीच म्हणेन. हसतील. हसणं संपेपर्यंत उभी राहीन. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा.