सर, जाऊ द्या

मी आठवीत असताना मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटला हुशार मुलांसाठी तीन आठवड्यांचं गणित शिबिर भरलं. किरनापूरजवळच्या आमच्या शाळेतून निवड परीक्षेला दोघीच बसलो, मी आणि आमच्या गणिताच्या सरांची पुतणी. फॉर्म सरांनी आणला. शाळा सुटल्यावर दोन महिने शिकवलंही त्यांनीच. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आज शिक्षिका आहे, आणि यात सरांचा वाटा मोठा आहे. हे आधीच सांगते, कारण ते खरं आहे.

निकालानंतर सर व्हरांड्यात म्हणाले, "बेटा, तुझा नंबर नाही लागला. थोडक्यात हुकला." पुतणी गेली. परत आल्यावर कागदाच्या घड्यांतून भूमिती कशी करायची ते तिने मला शिकवलं. मी मन लावून शिकले. पण दहावीनंतर गणित घेतलं नाही. आपलं थोडक्यात हुकतं, हे मनात पक्कं बसलं होतं.

गेल्या वर्षी त्याच शाळेत माझी बदली झाली. कपाट आवरताना शिबिराची फाइल सापडली. निवड यादीत आमच्या शाळेचं एकच नाव होतं, माझं. पुतणी प्रतीक्षा यादीत. माझ्या नावापुढे सरांच्या वळणदार अक्षरात, शाळेच्या कागदी हिंदीत शेरा होता: 'पिता असहमत. कहा, जाने दो.'

घरी येऊन बाबांना विचारलं. ते उखडलेच.

"असहमत? सर राईस मिलवर आलते. म्हणे, पोरीले बालाघाटले पाठवता का? मी म्हटलं, हौ सर, जाऊ द्या न, जाऊ द्या! मंग आठ दिसानं तेच म्हणे, नाव नाही आलं."

'जाऊ द्या' म्हणजे पाठवा, आणि 'जाऊ द्या' म्हणजे सोडा तो विषय. मला क्षणभर हायसं वाटलं. सरांनी चुकीचा अर्थ घेतला असेल. पण मग मला आणि बाबांना 'नंबर लागला नाही' असं का सांगितलं?

रविवारी सरांकडे गेले. ते आता निवृत्त आहेत. मला पाहून हरखले, आत बायकोला हाक मारली. "अहो, आमची मॅडम आली! चहा टाका."

मी फाइलमधला तो यादीचा कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला.

"तुझे बाबाच म्हणाले होते, जाऊ द्या."

"हौ सर. पण मले काहून सांगितलं, नंबर नाही लागला म्हणून?"

त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "तिचं गणित कच्चं होतं, बेटा. तू त कशीही शिकली असती." मग हसले. "इतकी वर्षं झाली. आता जाऊ दे न."

या वेळी अर्थ एकच होता.

उठताना सवयीने पाया पडायला वाकले. हात अर्ध्यावर थांबले. त्याच हातांनी टेबलावरचा कागद उचलला आणि चहा यायच्या आत बाहेर पडले.