‘वर बघ’ म्हणायचं नाही

आमच्याकडं कुणाला ठसका लागला की टाळूवर थापटतात, ‘वर बघ, वर बघ’ म्हणतात आणि तोंडाला पाण्याचा तांब्या लावतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या वडलांना, म्हणजे तात्यांना, ह्यानंच मारलं असतं.

तात्यांची आधी जीभ जड झाली. आमच्या वरकुट्यात लोक म्हणाले, म्हातारा प्यायला लागला. मग घोट चुकायला लागला. बारामतीच्या डॉक्टरनं पुण्याला धाडलं, पुण्याच्या डॉक्टरनं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन. नसा वाळत जातात, औषध नाही. भावकीतला एकजण म्हणाला, "मोटार जळाली तर इंदापुरात भरून देत्यात की. ह्याचं न्हाय व्हय जमत?"

तात्या हसले आणि हसता हसता निळे पडले. तो पहिला मोठा ठसका.

हात अजून चालत होते. जरा दम आल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘मरायचं ते मरंन. पण गुदमरून नको.’

मग घरात दुसरं काही कामच उरलं नाही. मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून आईला पुण्याचा डॉक्टर करून दाखवला. "ताठ बसवायचं. गिळताना हनुवटी छातीकडं. घास सुपारीएवढा. पातळ काही नाही, पाणीसुद्धा आरारूट घालून घट्ट करायचं. ठसका लागला तर पुढं वाकवा, कपाळाला हात लावा आणि थांबा. मान वर केली की पाणी सरळ छातीत जातं, समजलं का बाई?"

"समजलं. आन् पेशंटम्होरं माकडचाळं करू नका, ह्ये न्हाय सांगितलं व्हय त्यांनी?"

सांगितलं होतं. जेवताना हसवायचं नाही. गावातली एक असामी मी नकलेतून सोडली नव्हती, सरपंचांपासून पोस्टमनपर्यंत. आणि आता ताट वाढलं की मी गप. एका घरात दोन मुके.

सगळ्यात अवघड ते ‘थांबा’. माणूस डोळे पांढरे करतोय, लाळ गळतीय, विहीर आटल्यावर पंप ओढतो तसा घशातून आवाज येतोय, आणि तुम्ही कपाळाला तळवा लावून नुसतं बसायचं. आई पाठीवरनं हात फिरवत हळूच म्हणायची, "नाकानं, नाकानं." कधी लगेच सुटायचं, कधी नाही. सुटल्यावर तात्यांना रडू यायचं आणि त्या रडण्यानं परत ठसका.

लासुर्ण्याहून आत्या आली, तात्यांची थोरली बहीण. शेंगदाण्याचे लाडू घेऊन. आई चुलीपाशी होती. "एवढुसा खा रं, भनीच्या हातचा," म्हणत आत्यानं तुकडा तोंडात घातला सुद्धा.

झालं. तात्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. आत्यानं टाळूवर थापट्या मारल्या, "वर बघ रं, वर बघ!" आणि तांब्या उचलला. आई धावत येऊन तिचा हात ओढायला लागली.

"पानी न्हाय द्यायचं, वन्सं!"

"सोड! माझा भाऊ मराय लागलाय आन् तू पानी देऊ नको म्हंतीस?"

तिनं आईला ढकललं. तांब्या तात्यांच्या ओठाला टेकला. आणि माझ्या तोंडून आबांचा आवाज निघाला. आबा म्हणजे ह्या दोघांचे वडील. मेंढरं राखायचे, माळावर एक हाक दिली की अख्खा कळप वळायचा. वारून वर्षं झाली होती.

"ए भवाने! ठिव त्यो तांब्या खाली!"

साठीची बाई, तांब्या ठेवून मान खाली घालून उभी राहिली. आणि तात्यांनीही मान खाली घातली, लहानपणी घालत असतील तशीच. हनुवटी छातीला. मी कपाळ धरलं. बऱ्याच वेळानं दाण्याचा कण लाळेबरोबर बाहेर पडला.

आत्या मटकन बसली. "मुडद्या, मेलेल्या मानसाचा आवाज काढतूस?" मग तात्यांचं तोंड पदरानं पुसत म्हणाली, "न्हाय घालनार पानी. दाव, कसं धरायचं त्ये."

ती राहिलीच मग. घास भरवायला आईपेक्षा तिचा हात हळू.

थंडीत तात्यांचा दम संपत आला. छाती हलते का नाही कळेना. भावकी गोळा झाली. चुलत्यांनी तुळशीचं पान घातलेली पाण्याची वाटी आणि चमचा आत्याच्या हातात दिला. "घाल तोंडात. येळ झाली."

तात्यांचे डोळे उघडे होते. ते वाटीकडं बघत होते.

आत्यानं चमचा बाजूला ठेवला. बोट बुडवून त्यांचे ओठ ओले केले आणि वाटी मागं सारली.

"अगं, दोन थेंब तर जाऊ दी आत! तान्हेला जाईल त्यो," चुलते म्हणाले.

"जाऊ दी तान्हेला," आत्या म्हणाली. "ठसका लागून न्हाय जायाचा."

ती उशाशी बसली, आणि त्यांचा श्वास थांबेपर्यंत तिनं कुणाला त्या वाटीला हात लावू दिला नाही.