चुना विरवणाऱ्या

"आमी शिंपल्या आनल्या, भाजल्या, वर पानी वतलं..." सरांनी मुद्दाम हेल काढून वाचलं. स्मरणिकेची सगळी समिती हसली.

ते माझ्या आयचे शब्द होते. मी जसेच्या तसे उतरवलेले. आय तिथेच होती, दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर, सणाचं लुगडं नेसून. साक्षीला म्हणून मीच तिला आणलं होतं. सगळे हसले म्हणून तीही हसली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या चर्चचा महोत्सव होता, स्मरणिका निघणार होती. मिठागराच्या पाड्यातली मी पहिली बी.ए. विषय इतिहास. म्हणून फादरांनी मला संपादक मंडळात घेतलं. काम काय, तर वाडीवाल्या, म्हणजे बागायतदार घराण्यांनी दिलेले लेख स्वच्छ अक्षरात उतरवायचे. घंटा कुणी दिली, बाकं कुणी दिली, वेदीचा संगमरवर कुणाच्या आजोबांनी दिला. भिंतींबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं. मी चार पानं लिहिली.

चर्च वाढवलं तेव्हा चुना आमच्या पाड्यातल्या बायकांनी केला. दर रविवारी मिस्सा झाली की खाडीत उतरायचं, टोपल्या भरून शिंपल्या आणायच्या, भट्टी लावायची. आय तेव्हा नऊ वर्षांची. पाणी ओतून चुना विरवताना तो उसळला आणि तिचा उजवा डोळा गेला.

"जागा नाही, बाय," सर म्हणाले. त्यांनी मला शाळेत शिकवलं होतं. वाडी त्यांची, समितीचं अध्यक्षपद त्यांचं. आचोळ्याच्या बिल्डरांच्या जाहिरातींना मात्र पानंच्या पानं दिली होती. "आणि हा इतिहास नव्हे. या गोष्टी. म्हाताऱ्या सांगतात त्या."

फादर चहा ढवळत म्हणाले, "महोत्सवात जुनं उकरू नये. कटुता येते."

मी म्हणाले, "फादर, पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत प्रभूला तीनदा नाकारलं. ख्रिस्ती मंडळीचा पहिला पुढारी तो. चारही शुभवर्तमानांतून ते गाळता आलं असतं. गाळलं नाही. आणि येशूने तरी काय केलं? गोष्टीच सांगितल्या."

"म्हणजे आता मिठागरातनं पाचवं शुभवर्तमान येणार," सर म्हणाले. पुन्हा हशा. मग ते मऊ झाले. "एक ओळ टाकू. 'अनेक अज्ञात हातांनी सेवा केली.' चालेल ना?"

अज्ञात. बाई समोर बसलेली. तिला नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मी चारही पानं उचलली. म्हणाले, "माझं नाव काढा मंडळातून."

"बघ हं. तुमच्या पाड्यातलं पहिलंच नाव छापून येणार होतं."

"काढा."

आमच्या पाड्याकडे वळलो तेव्हा आय म्हणाली, "तुजं नाव तरी आलं असतं. माज्या डोल्याचं काय, तो काय परत येनार हाय?" स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. आमच्या घरी कुणी आणून दिली नाही.

मी दोनशे पानी वही घेतली. चुना विरवणाऱ्या ज्या बायका अजून होत्या, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. नाव, बापाचं नाव, टोपल्या कुठून कुठवर वाहिल्या, अंगावर कुठे भाजलं. एकीने दार लावून घेतलं. "चर्चच्या इरोधात नाय बोलायचं," म्हणाली. तेही लिहिलं.

पण पहिलं पान माझं आहे. कॉलेजात एका मैत्रिणीने विचारलं होतं, तुझ्या आईच्या डोळ्याला काय झालं? मी म्हणाले, जन्मापासूनच तसा आहे. दुसरीने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. तीन वर्षं मी हेच सांगत आले.

ते मी खाडाखोड न करता लिहिलं, खाली सही केली. आता सरांचं लिहिताना माझा हात थांबणार नाही. फादरांचंही नाही.