सूर्यमाळवर पारखलेला फोन

खोडाळ्याच्या नाक्यावर जीप भरली होती, माझी बॅग टपावर बांधून झाली होती, आणि बा माझा फोन घेऊन चढावर उभा होता. हात वर करून. जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला. "चार काड्या हायत," बाने वरून सांगितलं. "जा आता, बाय." लोकांचे बाप निरोप देताना रडतात. माझ्या बापाने रेंज तपासली.

मोबाईल नवे होते त्या वर्षांत तुमच्यापैकी जे जव्हार-मोखाड्याकडून बाहेरदेशी गेले, त्यांना हे कळेल. जे मागे राहिले, ते हसले तरी चालेल.

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिली. बीएस्सी, वर लॅबचा डिप्लोमा, आणि मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरी. माझा चुलता ओटीवर बसून बाला म्हणाला होता, "एवढी शिकवलीस ती आता तिकडं नेऊन विकाया काय?" बा म्हणाला, "पहिल्या शुक्रवारी चार वाजता तिचा फोन येल एसटीडीवर. तू पण ये ऐकाया."

म्हणजे फोन हवाच. जव्हारच्या दुकानदाराने दोन पुढे ठेवले, एक स्वस्तातला काळा, दुसरा जरा महाग. बाने ओळखीवर दोन्ही मागून आणले. आमच्याकडे बैल नुसता बघून घेत नाहीत, नांगराला जुंपून घेतात. तसे ते दोन्ही फोन आमच्या गावच्या, सूर्यमाळच्या चढाला जुंपले. महागडा मुका राहिला. काळा लागला. "इथं लागतो म्हंजे मस्कतला धावत लागल," बा म्हणाला, आणि फिजिक्स शिकलेल्या मला ते पटलं. काळ्याचे पैसे द्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने सांगायला तोंड उघडलं, "ताई, बाहेर न्यायचा तर सिमचं जरा..." मी म्हणाले, "मला कळतं. मी बीएस्सी आहे." गरीब बिचाऱ्याने पावती फाडली. ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मस्कतला सिम घ्यायला गेले. दुकानातल्या माणसाने फोन उलटा केला, बॅटरी काढली, पुन्हा लावली. "मॅडम, इसमें सिम किधर डालेगा?" सिमची जागाच नव्हती. नंबर कंपनीने फोनच्या आतच भरलेला, आणि ती कंपनी तिथे नव्हती. इतका पारखून घेतलेला फोन तिथे नुसतं घड्याळ झाला, तेही दीड तास पुढचं.

वार शुक्रवार. खोलीतली नर्स केरळची, तिच्यापुढे हात पसरला. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तिच्या फोनवरून खोडाळ्याचा एसटीडी लावला. पहिल्या घंटेलाच उचलला.

"बा, मी पोचले."

"आवाज चांगला येतो," बा ओरडला, मग माझ्यासाठी नव्हे, शेजारच्यासाठी, "ऐक, ऐक, तीच हाय." चुलता खाकरला तेही ऐकू आलं. मग बाने विचारलं, "फोन चांगला हाय ना आपला?"

"चांगला आहे, बा."

झालं. त्या एका वाक्याने पुढे काय व्हायचं ते झालं. बाने गावभर तोच फोन चांगला म्हणून सांगितला. वर्षभराने माझी मावसबहीण दुबईला गेली ती तसलाच घेऊन. तिला विचारलं, "घरी काय सांगितलंस?" म्हणाली, "तू सांगितलंस तेच."

आता बाकडे स्वतःचा मोबाईल आहे, सूर्यमाळला घरातही रेंज आहे. रोज विचारते, गुडघा कसा आहे, पाणी येतं का टँकरने, आय औषध घेते का. बा म्हणतो, "सगळं चांगलं हाय, बाय." मी फोन ठेवते आणि चिडते, कारण हे उत्तर कसं तयार होतं ते मला ठाऊक आहे. घर म्हणजे आता एवढंच उरलंय माझ्यासाठी. रोज ऐकायचं, आणि सुट्टी मिळेपर्यंत त्यातलं खरं किती ते कळायचं नाही.