फ्लेक्सवरची पोरगी

माझी लेक जर्मनीत जन्मली. तिला दोन भाषा येतात, जर्मन आणि मराठी. मराठी तीही माझी, परभणीची. इंग्रजी तिला येत नाही. हे एवढं साधं वाक्य मी इथं आल्यापासून इतक्या जणांना सांगितलं, की शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं. ‘फॉरेनची पोरगी अन् इंग्रजी येत न्हाई?’ असं म्हणून लोक माझ्याकडं बघायचे, जसं काही मी तिचं इंग्रजी विमानतळावर विसरून आले होते.

नवऱ्याला तिकडंच दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. आमचे व्हिसाचे नवे कागद होईपर्यंत आम्ही मायलेकींनी इथं परभणीला, सासरी राहायचं ठरलं. कागद कधी होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. परत गेल्यावर तिला जर्मन वर्गात बसायचं होतं, आणि इथं असेपर्यंत इथल्या पोरांत मिसळायचं होतं. गल्लीच्या टोकाला जिल्हा परिषदेची मराठी शाळा होती. तिथल्या बाई म्हणाल्या, “बोलाया येतंय ना? मंग लिहायला शिकवू की.” सकाळी ती शाळा, दुपारी घरी जर्मन पुस्तकं, असा माझा बेत. मी खुशीत घरी आले, तर सासऱ्यांनी पेढे आणून ठेवलेले.

त्यांच्या ओळखीच्या एका संस्थाचालकानं आपल्या इंग्रजी शाळेत तिला फुकट घेतलं होतं. “म्या शब्द दिलाय,” मामा म्हणाले. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, आणि मामांनी शब्द दिला की तो विषय संपतो. मी पेढा खाल्ला.

फुकट कशाला घेतलं ते लवकरच कळलं. बसस्टँडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. त्यावर माझी लेक, बर्फातल्या जाड निळ्या कोटात. फोटो मामांनीच मोबाईलमधून दिलेला. खाली लिहिलेलं, ‘थेट जर्मनीहून आमच्या शाळेत’. परभणीच्या उन्हात तो कोट बघूनच घाम फुटायचा. मामा मात्र भाजी आणायलासुद्धा त्याच कोपऱ्यावरून जायचे, आणि मागं कुणी बसलेलं असलं तर स्कूटर थांबवून दाखवायचे.

शाळेत पाहुणा आला की तिला वर्गातून उठवायचे. “टेल समथिंग, बेटा.” ती विचारायची, “काय सांगू?” वर्ग फिदीफिदी हसायचा. पुढं तिनं तेवढंही बोलणं सोडलं. मग घरीही सोडलं. रविवारी बाबांचा फोन आला की नुसती मान हलवायची. मला भीती वाटायला लागली, की या तिसऱ्या भाषेपायी हातातल्या दोन्ही जाणार आणि माझ्याकडं एक मुकी पोरगी उरणार.

शाळा बदलू म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, “आता काढली तर लोकं म्हणतील, काही येत न्हवतं म्हनून हाकलली. ह्यांची काय इज्जत ऱ्हाईल?” त्यांचंही खोटं नव्हतं. त्या फ्लेक्सवर आमचं अख्खं घर टांगलेलं होतं. बरं, माणसं वाईट असती तर भांडले असते. ही तर दुधापेक्षा सायीला जपणारी. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालं होतं माझं. मी रोज तिचा डबा भरत होते आणि रोज मनात चरफडत होते.

एके दिवशी पालमची एक बाई आपल्या मुलीला घेऊन एसटीनं आली आणि विचारत विचारत आमच्या घरी पोचली. तिनं फ्लेक्स बघितला होता. “ताई, त्या शाळेत घातली तर तुमच्या लेकीवानी माझी बी इंग्रजी बोलंल ना?” तिनं विचारलं. मामा पलंगावर बसून ऐकत होते. मी काही सांगायच्या आत बाईनं माझ्या लेकीलाच जवळ घेतलं.

“शाळेत काय शिकलीस गं बाळा?”

“गप बसायला,” लेक म्हणाली.

बाई हसली, मग माझ्या तोंडाकडं बघून थांबली. चहा तसाच ठेवून ती मुलीला घेऊन स्टँडवर परत गेली. संध्याकाळी मामा म्हणाले, “बोर्ड हाय तवर जाऊ दे. बोर्ड उतरला की काढू.”

तेव्हापासून आम्ही मायलेकी वाऱ्यावर डोळा ठेवून राहिलो. फ्लेक्सचे कोपरे सुटले, रंग उडाला, पण तो काही पडेना. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी नुसता सांगाडा दिसला. मी लेकीचा हात दाबला. मामांनीही बघितलं.

शाळा उघडल्या तसे मामा दाखला काढायला निघाले. आम्ही दोघी स्कूटरवर मागं बसलो. कोपऱ्यावर नवा फ्लेक्स होता. तोच फोटो, तोच कोट, आधीपेक्षा मोठा, आणि आता तिच्या तोंडातून फुग्यात छापलेली इंग्रजी वाक्यं निघत होती. मामांनी सवयीनं स्कूटर थांबवली.

“आता गं? आता कसा मागायचा दाखला?” ते म्हणाले.

“आजोबा, तिला येतंय की इंग्रजी,” लेक म्हणाली. “तिलाच पाठवा ना शाळेत.”

मामा वर बघत राहिले. मग त्यांनी स्कूटर घराकडं वळवली.

“आणि उद्या?” मी विचारलं.

“उद्याचं उद्या बघू,” ते म्हणाले. परभणीत आल्यापासून मी हेच ऐकत होते. या वेळी मात्र त्यांनी फ्लेक्सकडं वळून बघितलं नाही.