गुळवणीचा आग्रह

आमच्याकडं पंगतीत बसलेल्या माणसानं 'बास' म्हटलं की त्याचा अर्थ 'वाढा' असा घेतात. त्यानं ताटावर हात आडवा धरला तर त्याचा अर्थ 'जरा जास्तच वाढा'. आणि तो खरोखर उठायला लागला तर दोघं जण त्याचे खांदे दाबून त्याला खाली बसवतात, तिसरा पोळी टाकतो आणि सगळी पंगत हसते. याला आग्रह म्हणतात. जुन्नर-आंबेगावात याला माया म्हणतात. मला विचाराल तर ही निव्वळ दांडगाई आहे, आणि हे मी घरात बसून, मागाहून म्हणत नाहीये. भर पंगतीत, लोकांच्या तोंडावर म्हटलेलं आहे.

पुरणपोळी दुधाशी खाणारी माणसं वेगळी. आमच्या पोळीला गुळवणी लागते. गुळवणी म्हणजे गुळाचं पाणी, त्यात वेलदोडा, सुंठ, थोडं खोबरं. पोळी ताटात कुस्करायची आणि वरून तांब्यानं गुळवणी ओतून घ्यायची. मला तो प्रकार लहानपणापासून आवडत नाही. मनगटापर्यंत हात चिकट होतो, आमटीत गोड मिसळतं, भातात गोड मिसळतं, सगळ्या ताटाचा चिखल होतो. सणाच्या दिवशीसुद्धा मी कटाची आमटी, भात आणि कुरडई एवढंच मागायची. "कुणावर गेलीय ही पोरगी?" म्हणून आई कपाळाला हात लावायची.

वडिलांवर तर नक्कीच नव्हते गेले. वडील गुळवणीचे वेडे. तीन पोळ्या कुस्करून त्यावर गुळवणीचं तळं करायचे आणि भुरके मारत खायचे, अगदी शेजारच्या घरात ऐकू जाईल असे. शेपू आणि कारलं सोडलं तर त्यांना न आवडणारं काही नव्हतं. नारायणगावजवळ आमची शेती, दिवसभर राबणारा माणूस, खायचा आणि पचवायचा. नव्वद सालानंतर कुठल्या तरी वर्षी त्यांना सारखी तहान लागायला लागली. पायाला साधं खरचटलेलंही बरं होईना. डॉक्टरांकडं नेलं तर साखर निघाली.

आईनं दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. मला वाटलं, वा! चहा आला तो गुळाचा.

"आई, अगं गूळ कशाला घातलास?"

"साखर बंद केली ना मी?"

"पण गूळ गोडच ना!"

"गूळ म्हणजे काय साखर हाय व्हय? गूळ औषधी असतो. बाळंतिणीला देत्यात."

मी तेव्हा नुकतीच शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. म्हटलं, साखर कशाची होते? उसाची. गूळ कशाचा होतो? उसाचा. आई म्हणाली, "पण गूळ आपल्या गुऱ्हाळावरचा हाय. डोळ्यांदेखत केलाय." यावर काय बोलणार, सांगा! साखर कारखान्यातून येते म्हणून ती रोग आणते, आणि गूळ घरच्या उसाचा म्हणून तो आपल्या माणसाला अपाय करणारच नाही, असा हिशोब. आणि तो एकट्या आईचा नव्हता. सगळ्या गावाचा होता, पाहुण्यारावळ्यांचा होता. भिंतीवर डोकं आपटायची पाळी आली माझ्यावर.

पण आईचं एक बरं होतं, एकदा पटलं की पटलं. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितल्यावर तिनं गूळही बंद केला. बाजरीची भाकरी, मेथी, घोसाळी, मोडाची मटकी, आणि रोज सकाळी कारल्याचा रस. वडील पेला हातात घेऊन गोठ्याकडं बघायचे. "हे बैलाला पाजलं तर बैलबी लाथ मारंल," म्हणायचे, आणि नाक दाबून प्यायचे. घरात तो माणूस पथ्य पाळायचा हो. कुरकुरायचा, पण पाळायचा.

पाळू द्यायचे नाहीत ते बाहेरचे.

चैत्र लागला की आमच्याकडं गावोगावच्या यात्रा सुरू होतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची, आणि प्रत्येक गावात कुणी ना कुणी पाहुणा. देवाला नैवेद्य पुरणपोळीचा, मग शर्यतीच्या घाटात बैलगाडे, मग पंगती. वडील सगळीकडं जाणार, कारण आवतण आलेलं असणार. आणि सगळीकडं तेच. "साखर न्हाई घातली राव, गुळाची हाय!" "एवढ्यानं काय व्हतंय?" "वर्षातनं एकदा यात्रा असती!" अरे, तुमच्याकडं वर्षातनं एकदा, पण तो माणूस रोज कुठल्या ना कुठल्या गावाला जेवतोय ना! त्याच्या अंगात ती गुळवणी मोजून घेणारा कुणी बसलाय का, की ही या गावची आणि ही त्या गावची?

एका वैशाखात चप्पल चावून अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला. हळद लावली, तेल लावलं, बोट काळं पडलं तेव्हा पुण्याला नेलं. बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "साखर आवरली नाही तर पुढच्या वेळी पाऊल जाईल, कदाचित गुडघ्यापर्यंत." दोन्ही पाय मातीत रोवून जगलेल्या माणसाचा पाय जाईल, म्हणजे काय जाईल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी आणल्यावर भेटायला माणसं यायला लागली. येताना काय आणलं असेल? डिंकाचे लाडू! "जखम भरायला ताकद नको का? गुळातलेच हायत." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आई बिचारी 'कशाला, कशाला' म्हणत डबे भरून घ्यायची. मी ते सगळे लाडू गोठ्यात नेऊन म्हशीला घातले. तिला ते लई आवडले.

पुढच्या चैत्रात आत्याच्या गावची यात्रा आली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, आंबेगाव तालुक्यात घोडनदीच्या काठाला दिलेली. तिचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, स्वतः येऊन आवतण देऊन गेले. या वेळी मी वडिलांना एकटं सोडलं नाही. म्हटलं, मी येणार. एसटीत त्यांनी मला आपणहून शब्द दिला. "एकच पोळी, कोरडी. आमटी-भात खाईन. गुळवणीला हात न्हाई लावणार."

मांडवात पंगत बसली. मी पदर खोचून आमटी वाढायला घेतली, म्हणजे नजर ठेवता येईल. मामा गुळवणीचा तांब्या घेऊन फिरत होते. वडिलांपाशी आले. वडिलांनी ताटावर हात आडवा धरला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी खरंच धरला.

"पावणं, हात काढा."

"न्हाई, खरंच न्हाई. बोट गेलंय माझं."

"एकच गेलंय ना? अजून नऊ हायत की!"

पंगत खदाखदा हसली. आणि वडीलही हसले. त्या हसण्यानं माझं काळीज फाटलं. तेवढ्यात मामांनी त्यांच्या हातावरच गुळवणी ओतली. बोटांच्या फटीतून ती ताटात गळायला लागली. वडिलांनी हात काढून घेतला, आणि मान खाली घालून पोळी कुस्करायला लागले.

मी आमटीचं भांडं खाली ठेवलं, पंगतीत शिरले आणि वडिलांच्या पुढ्यातलं ताट उचललं. भरलेलं ताट, त्यांचा हात त्यात असताना. आमच्याकडं जेवत्या माणसाचं ताट कुणी उचलत नाही, वैऱ्याचंसुद्धा नाही. मला ते माहीत होतं. तरी उचललं आणि मामांच्या हातात दिलं.

"घ्या मामा, तुमीच खा," मी ओरडले. "आणि ह्यांचा पाय कापायची वेळ आली की करवत धरायलाही तुमीच या! तिथंही आग्रह करा, म्हणावं अजून एक पाय आहे की!"

मामांच्या हातात एकीकडं तांब्या आणि एकीकडं ताट. आत्या आतून धावत आली आणि तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. "यात्रंच्या दिवशी, दारात आलेल्या भावाला उपाशी उठवलंस गं!" मी उठवलं? मी? वडील उठले, हात धुतले, टोपी झटकली आणि चालायला लागले. मी मागं मागं.

एसटीच्या थांब्यावर आल्यावर ते म्हणाले, "आता मला कोण बोलवंल?"

"नको बोलवू देत! काय अडलंय?"

"तुला न्हाई कळायचं. आजारी माणसाला लोकं बघायला येत्यात. जेवायला न्हाई बोलवत."

मी चिडून म्हटलं, "आप्पा, पाय पाहिजे का पंगत पाहिजे?" गाडी आली, आम्ही बसलो, आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांचं खरं झालं. पुढच्या चैत्रात आमच्या दारात आवतण द्यायला कुणी आलं नाही. तोवर आमच्या घरात फोन बसला होता. यात्रेच्या आदल्या दिवशी आत्याचा फोन आला, तो मीच उचलला. "तू आणि वहिनी या उद्या," म्हणाली. "दादाला न्हाई म्हणत मी, त्याला उगं त्रास व्हईल. पथ्याचं आमच्याकडून काय व्हायचं न्हाई."

मी फणकारले. "पथ्याचं म्हणजे काय गं आत्या? भाकरी थापता येत नाही तुला? तुमच्या रानात मेथी उगवत नाही? एक भाकरी आणि मेथीची भाजी, एवढं वाढ की त्यांना, बसू दे की पंगतीत!"

"काय बोलतीस तू?" आत्याला खरंच धक्का बसला होता. "यात्रंच्या दिवशी सख्ख्या भावाला भाकरी आणि मेथी वाढू? माणसं काय म्हणतील मला?"

मी फोन आपटला. भावाला नुसती भाकरी वाढायची लाज वाटते, त्याला बोलवायचंच नाही याची लाज वाटत नाही! त्याच्या ताटात ओतता येत नसेल तर तो माणूसच पंगतीतून वजा. म्हणजे यांचं प्रेम वडिलांवर होतं की गुळवणीवर? मी आईवर चिडले, आत्यावर चिडले, भाजी चिरताना विळीवर चिडले. आम्हीही गेलो नाही. जाणार कुठल्या तोंडानं? आणि का म्हणून जायचं?

वडील त्या सकाळी लवकर आंघोळ करून ओट्यावर बसले. धुतलेला सदरा, इस्त्रीची टोपी. कुठं जायचंय असं म्हणाले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. रस्त्यानं टेम्पो चालले होते, बैलांच्या शिंगांना रंग, वर पोरं हलगी वाजवत उभी. एकदोघांनी टेम्पोतून हात केला, वडिलांनीही केला. कुणी थांबलं नाही. दुपार कलल्यावर ते आत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "वाढ." आईनं भाकरी आणि मेथी वाढली. ते जेवले. कुरकुर नाही, चेष्टा नाही, भुरका नाही. सकाळचा कारल्याचा रससुद्धा त्यांनी नाक न दाबता प्यायला होता, असं आई मला मागाहून म्हणाली. सगळा चैत्र-वैशाख असाच गेला. पाय शाबूत राहिला. पुढंही, शेवटपर्यंत राहिला, हे सांगितलं पाहिजे.

उन्हाळा संपताना त्यांना तपासणीला नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "वा वा, आजोबा! साखर इतकी ताब्यात कधीच नव्हती तुमची. काय केलंत काय यंदा?"

मी मेथीचं, मटकीचं, कारल्याचं सांगायला तोंड उघडलं. पण वडीलच आधी बोलले.

"काय न्हाई सायेब," ते म्हणाले. "यंदा कुणी बोलावलंच न्हाई."