हिलाल मास्तरांचे सवाल

माझे वडील हिलाल मास्तर, आमचे आप्पा. नंदुरबारजवळच्या कोरीटच्या शाळेत त्यांनी उभी हयात घालवली. गावात आजही कोणी त्यांना भोळा मास्तर म्हटलं की माझं डोकं फिरतं. भोळे नव्हते ते. त्यांना फसवलं. दोन्हींत फरक आहे, आणि तो कळायला अक्कल लागते.

पहिल्या जर्मन युद्धाच्या काळात सरकारकडून शाळेत छापील गोष्टी यायच्या. अमुक शिपाई कसा लढला, तमुक कसा हसत हसत पडला. वरच्या वर्गाला त्या मोठ्याने वाचून दाखवायच्या, असा हुकूम. बाकीचे मास्तर वाचत, पोरांकडून जयजयकार करून घेत आणि शाळा सोडत. आप्पांना ते पटेना. माणूस मेल्याची गोष्ट अशी गटागटा प्यायची नसते, म्हणायचे.

आमच्याकडे मयताच्या घरी बसायला जातात, त्याला दारवर जाणं म्हणतात. दारवर गेलेला माणूस नुसता रडून उठत नाही, तो विचारतो. कसा गया? जवळ कोण व्हतं? पानी कोणी पाजं? शेवटला काय बोलना? घरचं माणूस सांगतं, पुन्हा कोणी आलं की पुन्हा सांगतं, आणि सांगता सांगता त्याला ते सोसवू लागतं. आप्पांनी हीच रीत शाळेत आणली. युद्धाची गोष्ट वाचून झाली की पोरांनी दारवर आल्यासारखं बसायचं आणि त्या गोष्टीला हेच सवाल करायचे. जवाब सापडला नाही तर गोष्ट कच्ची. हसत पडला म्हणता, मग ते हसू पाहिलं कोणी? पोरं अशी तुटून पडायची की विचारू नका.

त्यात सगळ्यात तरबेज रामसिंग. बापाविना वाढलेला, आमच्याच घरी जेवायचा, माझ्या नवलभाऊच्या ताटाला ताट लावून. गोष्टीत कुठे पाणी मुरतंय ते तो सगळ्यांआधी हेरायचा. आप्पांचा त्याच्यावर भारी जीव. पुढे आप्पांनीच शब्द टाकला, म्हणून तो नंदुरबारला एका साहेबाच्या हाताखाली कारकून लागला.

सतरा साली तो साहेब फौजेची भरती करायला कोरीटला आला. चावडीपुढे गाव जमलं. साहेब काय बोलला ते कोणाला कळलं नाही. मग रामसिंग उठला आणि त्याने बसऱ्याच्या आघाडीवर पडलेल्या एका खानदेशी शिपायाची गोष्ट अहिराणीत सांगितली. गोळी कुठे लागली, शहाद्याकडच्या सोबत्याने मांडीवर डोकं घेऊन पाणी कसं पाजलं, सगळं. मरताना तो शिपाई म्हणाला म्हणे, “मन्ही मायले सांगजो, मी उपाशी नही मरनू.” बायकांनी डोळ्याला पदर लावले. आप्पासुद्धा हलले, हो, तेही.

गर्दी पांगल्यावर रामसिंग घरी आला आणि आप्पांच्या पाया पडला. मी तिथेच धान्य निवडत होते. मिजास नव्हती त्याच्या बोलण्यात, अगदी मनापासून म्हणाला, कचेरीतल्या मराठीत: “मास्तर, ही तुमचीच विद्या. लोक काय विचारतील ते मला ठाऊक होतं, म्हणून जवाब आधीच रचून ठेवले.”

म्हणजे तो शिपाई नव्हताच. सोबतीही नव्हता. आप्पांनी पाय मागे ओढून घेतले. त्यांचा तो चेहरा आठवला की मला अजून त्या मेल्याच्या तोंडात शेण घालावंसं वाटतं. आणि वर पाया पडतो!

तोवर नवलभाऊने भरतीत नाव दिलं होतं. आप्पा धावत त्याच्याकडे गेले, सगळी बनवाबनवी सांगितली, हात जोडले. बापाने लेकापुढे हात जोडले. भाऊने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आप्पा, कोणता सवालना जवाब त्यानी दिधा नही?” त्याला वाटलं, बाप मायेपोटी खोटं बोलतोय. पोराला ही पारख आप्पांनीच शिकवली होती. भाऊ गेला. नंदुरबार स्टेशनावर गाडीत बसवायला रामसिंग हार घेऊन आला होता.

वर्षाच्या आत सरकारी कागद आला. तापाने गेला, एवढंच. कुठे, जवळ कोण, काही नाही. गाव दारवर आलं. जो तो विचारी आणि माय आप्पांच्या तोंडाकडे बघे. दुसऱ्या कोणी काहीबाही सांगून वेळ मारून नेली असती. आप्पांच्याने ते झालं नाही. माले ठाऊक नही, एवढंच ते प्रत्येकाला सांगत राहिले. मायने अन्न सोडलं.

तेराव्याच्या आधी रामसिंग आला. मायपुढे बसला आणि सांगायला लागला. नवलला ताप कसा चढला, उशाशी कोण बसून होतं, शेवटी मायचं नाव कसं घेतलं. त्याला हे कोण सांगायला आलं होतं? मी आप्पांकडे बघितलं. वाटलं, आता उठतील, गचांडी धरून बाहेर काढतील. ते उठले नाहीत. मायकडे बघत राहिले.

माय एकेक शब्द ऐकत होती. मग तिने शेजारणीने आणलेली भाकर पुढे ओढली, एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि आप्पांकडे वळली.

“तुम्हीन माले काहीच सांगं नही,” ती म्हणाली. “ह्यानी सांगं.”

आणि उरलेली भाकर तिने रामसिंगपुढे ठेवली.